सस्पेन्स खात्यातील जीव



मागील अंकात या सदरातून मुदतठेवींच्या वारसनोंदीविषयी लिहिले होते आणि पुढील वेळी मृत्युपत्राकडे वळू, असे आश्वासन दिले होते. ते एक महिना लांबणीवर टाकीत आहे, याबद्दल वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. क्षमापनेचे दिवस जवळ आले आहेत आणि माझ्या वहीत एक जुनी नोंद अशी आहे की, तिचा ताळा लागल्याखेरीज यंदा कोणाकडेही क्षमा मागण्यास मला तोंड नाही.

गेल्या महिन्यात विश्रामबागेत चार दिवस पावसाची झड लागली होती. गच्चीवरील तुळशीच्या कुंडीत पाणी साचले, म्हणून सूनबाईंनी कुंडी कलती केली, तो तिच्याखालून बुटाच्या नाडीएवढे काळसर, चकचकीत असे काहीतरी वळवळत बाहेर आले. कोणी म्हणाले गांडूळ, कोणी म्हणाले सापाचे पिल्लू. शेजारच्या इमारतीचा रखवालदार काठी घेऊन जिना चढून आला. सुट्टीसाठी पुण्याहून आलेली माझी नात प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. ती खाली बसली, क्षणभर निरखून पाहिले आणि म्हणाली, “काका, काठी खाली ठेवा. हा वाळा आहे. साप आहे, पण बिनविषारी. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. याला जवळजवळ दिसतही नाही.” तिने तो कागदावर घेऊन बागेच्या कोपऱ्यातील पालापाचोळ्यात सोडला. रखवालदार काहीसा निराश होऊन परत गेला.

संध्याकाळी चौविहार आटोपल्यावर ती मला अशाच फसव्या रूपाच्या जिवांची छायाचित्रे दाखवू लागली. वाळा झाला. शेपटीचे टोक खापरीसारखे खरबरीत असलेला खापरखवल्या झाला. नंतर एक चित्र आले आणि माझा हात थांबला. ओल्या मातीतील लहानशी पोकळी, तीत हरभऱ्याएवढ्या पिवळसर मण्यांचा एक घोस आणि त्या घोसाभोवती वेटोळे घालून बसलेला, अंगावर वळ्या वळ्या असलेला, करड्या रंगाचा वीत-दीड वीत लांबीचा जीव.

“हे काय आहे?” मी विचारले.

“देवगांडूळ. गांडूळ नाही आणि सापही नाही. बेडकाच्या कुळातला आहे. ही आई आहे, आजोबा. अंडी राखत बसली आहे.”

मी चष्मा काढून ठेवला. ते चित्र मी पूर्वी पाहिले होते. छायाचित्रात नव्हे, प्रत्यक्ष.

गोष्ट १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहे. मी बँकेत कृषिकर्ज विभागात नवा अधिकारी होतो आणि पाटण तालुक्यातील डोंगराकडच्या गावांतील कर्जप्रकरणांची स्थळतपासणी माझ्याकडे होती. आषाढाचे दिवस होते. एका शेतकऱ्याच्या भाताच्या खाचराचा बांध ओढ्याच्या बाजूने खचला होता आणि तो नव्याने घालण्याचे काम चालू होते. मी छत्री धरून बांधावर उभा होतो. खांद्याच्या पिशवीत आईने दिलेला डबा होता, कांदा-बटाटा वर्ज्य असलेला आणि सूर्यास्तापूर्वी संपवायचा. एका गड्याने ओली दरड फोडली आणि ढेकळाबरोबर तो जीव उघड्यावर पडला.

“सायेब, मागं सरा. जनावर हाय.”

मी मागे सरलो. आणि माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते आजही माझ्या कानांत आहेत. मी म्हणालो, “मारा, मारा.”

गड्याने खोऱ्याचा घाव घातला. दोन तुकडे झाले. त्या ढेकळातच पिवळसर मण्यांचा एक घोस चिकटलेला होता. मला ते कसल्यातरी रोपट्याचे बी वाटले. गड्याने ते माती समजून बांधावर टाकले आणि वरून खोऱ्याने थोपटले. मी कागदावर शेरा लिहिला : काम समाधानकारक. मग झाडाखाली बसून डबा उघडला.

तो नेमका कोणत्या जातीचा होता, हे आज सांगता येणार नाही. मात्र वळ्या होत्या, अंग ओलसर होते, खवले दिसत नव्हते, आणि तो त्या अंड्यांभोवती होता. उघडा पडूनही तो पळाला नव्हता. त्या वेळी मला तो मठ्ठपणा वाटला. आता कळते की, त्याला जायचे नव्हते. किंबहुना ‘तिला’ जायचे नव्हते.

त्या रात्रीपासून मी या जिवाविषयी जे मिळेल ते वाचीत आहे. साठी उलटल्यावर नवा विषय शिकण्याचा आनंद असतो, परंतु या अभ्यासात आनंदापेक्षा संकोचच अधिक होता, कारण ज्या मुलुखात मी इतकी वर्षे नोकरी केली, तेथीलच हा रहिवासी निघाला.

देवगांडूळ हा उभयचर प्राणी. बेडूक हे एक कुळ, शेपटी असलेले सॅलमँडर हे दुसरे आणि देवगांडुळे हे तिसरे. जगात त्यांच्या दोनशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. भारतात चाळीसच्या आसपास असून त्यांतील बहुतेक पश्चिम घाटात आहेत. पाय नाहीत. डोळे आहेत, पण त्वचेखाली झाकलेले आणि उजेड-अंधारापलीकडे फारसे काही न सांगणारे. त्या उणिवेची भरपाई म्हणून डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक अगदी बारीक स्पर्शिका असते. ती बाहेर काढून तो मातीचा वास आणि स्पर्श घेत पुढे सरकतो. कवटी भक्कम, कारण डोक्यानेच माती भेदायची असते. जबड्यात दात असतात. गांडुळे, वाळवी, मुंग्या हे त्याचे अन्न. फुप्फुसाने श्वास घेतो, तसाच ओल्या त्वचेनेही घेतो. म्हणून कोरडी माती त्याला सोसत नाही, आणि त्याच कारणाने तो मुसळधार पावसाच्या डोंगरी जंगलात, पालापाचोळ्याखालील भुसभुशीत मातीत राहतो.

आता आपल्या भागाचा संबंध पाहा. कोयनानगरच्या वर, घाटमाथ्यावर हुंबरळी नावाचे गाव आहे. सहलीसाठी आपल्यापैकी अनेक कुटुंबे त्या रस्त्याने गेली असतील. त्या हुंबरळी परिसरात मिळालेल्या देवगांडुळाची एक स्वतंत्र जात वरद गिरी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डेव्हिड गोवर व मार्क विल्किन्सन यांनी २००४ मध्ये जगापुढे मांडली. तिचे शास्त्रीय नाव ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्रएन्सिस’. आपल्या राज्याचे नाव धारण करणारा हा जीव सातारा जिल्ह्याच्या मातीतला आहे. याच कुळातील खंडाळ्याची जात १९६० मध्ये नोंदली गेली होती. आंबोलीच्या एका देवगांडुळाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ज्येष्ठ अभ्यासक जे. सी. डॅनियल यांचे नाव २००३ मध्ये देण्यात आले. कोयनेचे धरण बांधून झाले, १९६७चा भूकंप होऊन गेला, १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, आणि एवढे सर्व होईपर्यंत त्या जमिनीखाली कोण राहते याची पुरती नोंद शास्त्रज्ञांच्या वहीतही नव्हती. मग माझ्यासारख्या बँकेच्या माणसाची काय कथा?

अर्थात अज्ञान हा बचाव आहे, असे मी म्हणत नाही. फक्त एवढेच सांगतो की, चूक करणाऱ्यांत मोठमोठी नावे आहेत. प्राणी आणि वनस्पती यांना दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनीअसने १७५८च्या आपल्या ग्रंथात देवगांडुळाला सापांच्या रांगेत बसविले होते. त्याला दिलेल्या नावाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आंधळा’ असा आहे. त्याच रांगेत त्याने आणखी एका बिनपायाच्या, वळ्या असलेल्या, मातीत राहणाऱ्या प्राण्याला बसविले. तो म्हणजे दक्षिण अमेरिकेतील उष्ण प्रदेशाच्या जंगलांत आढळणारा कृमी-सरडा. तोही साप नाही. सरड्यांच्या गोतातला, पाय गमावलेला जीव आहे. त्याचे डोके आणि शेपूट सारखेच बोथट. संकट आले की, तो दोन्ही टोके उचलून धरतो, म्हणून ब्राझीलमधील लोक त्याला ‘दोन डोक्यांचा साप’ म्हणतात. लिनीअसने दिलेल्या नावाचा अर्थही ‘दोन्ही दिशांनी जाणारा’ असाच आहे. भारतात कृमी-सरडे नाहीत. परंतु दोन तोंडांची कथा मात्र आपल्याकडेही आहे, आणि तिचा आपल्या समाजाच्या खिशाशी संबंध असल्यामुळे तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

आधी त्या आईविषयी. श्रीलंकेत काम करणाऱ्या सरासिन नावाच्या स्विस बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नोंदवून ठेवले होते की, देवगांडुळाची मादी ओल्या मातीतील पोकळीत अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळे करून बसते. काही जातींची पिल्ले अंड्यांतून निघाल्यावर बेडकाच्या पिल्लांप्रमाणे पाण्यात जाऊन वाढतात. हुंबरळीच्या देवगांडुळाच्या कुळात ती अवस्था अंड्यातच पुरी होते आणि पिल्ले मातीतच बाहेर येतात. केनियातील तैता टेकड्यांवरील एका जातीविषयी २००६ मध्ये जे प्रसिद्ध झाले, ते वाचताना मी दोनदा थांबलो. पिल्ले झाल्यावर तेथील आईच्या त्वचेचा वरचा थर जाड आणि स्निग्ध होतो, आणि पिल्ले आपल्या खास दातांनी तो थर सोलून खातात. आई शांत पडून राहते. थर पुन्हा तयार होतो, पिल्ले पुन्हा खातात. २०२४ मध्ये ब्राझीलच्या अभ्यासकांनी तेथील एका जातीविषयी याहून विलक्षण गोष्ट सिद्ध केली. ती आई आपल्या पिल्लांना शरीरातून स्रवणारा, दुधासारखा स्निग्ध द्रव पाजते, आणि पिल्ले तो मागण्यासाठी आवाज करतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले, आणि तरी आईचे दूध.

‘आईने अंगाचे कातडे करून मुले वाढविली’ असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. येथे ते शब्दशः घडते, तेही आपल्या पायांखाली, अंधारात, कोणाच्याही दृष्टीस न पडता.

आता आपल्या शास्त्राकडे वळतो. मी पंडित नाही. पाठशाळेत जे शिकलो, त्याच्या आधाराने लिहितो. चुकल्यास गुरुभगवंतांनी सुधारावे.

आपल्याकडे जिवांचे वर्गीकरण इंद्रियांवरून होते. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती हे एकेंद्रिय. पुढे एकेक इंद्रिय वाढत जाते आणि त्याची उदाहरणे तत्त्वार्थसूत्राने कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य अशी दिली आहेत. गांडूळ कृमींच्या पंक्तीला, म्हणजे द्वींद्रिय. त्याला स्पर्श आणि रस एवढेच. साप, मासा, पक्षी मात्र पंचेंद्रिय. आमच्या घरी हा हिशेब लहानपणापासून पाठ होता. माझ्या आजीने आयुष्यभर पाणी गाळून वापरले आणि गाळलेले जीवाणी परत त्याच पाण्यात पोचविले. आम्ही कंदमूळ खात नाही. त्याचे एक कारण कंदातील अनंत जीव, आणि दुसरे मातीत कुदळ घालताना होणारी हिंसा. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत ज्यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या आहे, हरिपूरच्या पेवांत ज्यांच्या आजोबांनी हळद साठविली, त्यांच्या घरी नातवंडे हमखास विचारतात की, “हळद जमिनीतली असून कशी चालते?” आणि आपण सांगतो की, ती वाळलेली असते आणि चिमूटभर लागते. म्हणजे जमिनीखालच्या जिवांचा विचार करण्याची सवय आपल्याला नवी नाही. तरीही त्या दिवशी, बांधावर, माझ्या वर्गीकरणात एकच प्रश्न होता : हा मला चावेल काय?

देवगांडूळ दिसतो कृमीसारखा, पण त्याला कणा आहे, मेंदू आहे, तो अंडज आहे, अंडी राखतो. त्याला दृष्टी किती आणि श्रवण किती, यावर कोणी शंका काढील. मातीतील कंपने त्याला कळतात, डोळ्याला उजेड कळतो. माझी समजूत अशी की, त्याला पंचेंद्रियच मानावे. बँकेत संशयास्पद कर्जाच्या बाबतीत एक दंडक असतो. शंका असेल तेथे तरतूद जास्तीची करावी, कमीची नव्हे. जिवाच्या बाबतीतही हाच सावधपणा योग्य. समोरचा कोण आहे हे कळत नसेल, तर त्याला वरच्या पंक्तीचा धरून चालावे. खालचा धरून केलेली चूक दुरुस्त होत नाही.

आता दोन तोंडांची कथा. आपल्या सांगली-सातारा भागातील कोरड्या माळरानावर मांडूळ नावाचा साप असतो. शेपूट डोक्यासारखीच बोथट, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात, आणि सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने तो चालतो, अशी समजूत आहे. वस्तुतः तोंड एकच. घाबरला की, तो डोके वेटोळ्यात लपवतो आणि शेपूट पुढे करतो, एवढेच. गारुडी त्या शेपटीवर खुणा करून डोळे-तोंड दाखवीत. तो बिनविषारी आहे, उंदीर खातो. शेतकऱ्याच्या आणि धान्य-व्यापाऱ्याच्या दृष्टीने फुकटचा रखवालदार. परंतु मांडूळ घरात असला की धन येते, गुप्तधन सापडते, अमुक वजनाच्या मांडुळाला परदेशात कोटी रुपये मिळतात, अशा अफवांनी त्याचा जीव घेतला आहे. मांडूळ विकताना पकडलेल्या टोळ्यांच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वारंवार वाचतो.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत, एका शाखेत असताना, एक परिचित व्यापारी माझ्याकडे आले. भला माणूस, दर वर्षी तपस्या करणारा. मुदतीपूर्वी ठेव मोडायची होती. कारण विचारले तर चाचरले. मग केबिनचे दार लावून हळूच म्हणाले, “साहेब, एक मांडूळ आहे. चौघे मिळून घेतोय. पुढचा गिऱ्हाईक तयार आहे.” मी त्यांना तीनच प्रश्न विचारले. पुढचा गिऱ्हाईक तुम्ही पाहिला आहे काय? तो या वस्तूचे करणार काय? आणि व्यवहार फसला तर दाद कोणाकडे मागणार? पहिल्याचे उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचे ‘माहीत नाही’ आणि तिसऱ्याला उत्तरच नव्हते. ज्या मालाचा शेवटचा खरेदीदार कोणीच पाहिलेला नाही, तो माल नसतो. ती केवळ हातोहात फिरणारी आशा असते. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. हे सांगितल्यावर ते गप्प झाले. मग मी आपल्या पंधरा कर्मादानांची आठवण दिली. त्यांत केशवाणिज्य आहे, म्हणजे केस असलेल्या जिवांचा व्यापार. ते क्षीण हसून म्हणाले, “सापाला केस कुठे असतात?” मीही हसलो, पण म्हणालो, “शास्त्रात पळवाट शोधणारा माणूस आधीच निम्मा पळालेला असतो.” ठेव मोडली नाही. त्यांनी पुढे काय केले, हे मी विचारले नाही.

त्यांना उपदेश करताना मला आपण मोठे सत्कार्य केल्यासारखे वाटले होते. आज दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवतो, तेव्हा दिसते की, चूक एकच आहे. त्यांनी एका जिवाला धन समजून पाहिले, मी एकाला मृत्यू समजून पाहिले. समोर जो होता, त्याला पाहिले कोणीच नाही.

तेव्हा, बंधुभगिनींनो, या चातुर्मासात काही गोष्टी आपल्या हाती आहेत, त्या नम्रपणे मांडतो.

कोयना, पाटण, आंबोली या बाजूंना आपल्यापैकी अनेकजण जागा घेतात, विश्रामगृहे बांधतात, डोंगरउतार सपाट करतात. त्यात गैर काही आहे, असे मी म्हणत नाही. परंतु पावसाळ्यात यंत्र लावून माती उपसू नये. पावसाळा हाच त्या मातीतील जिवांचा अंडी घालण्याचा आणि पिल्ले वाढविण्याचा काळ. ज्या कारणासाठी आपले साधू-साध्वी चार महिने एका ठिकाणी राहतात, त्याच कारणासाठी आपले यंत्रही चार महिने थांबू शकते. उताराचा काही भाग, विशेषतः ओढ्याकाठचा, पालापाचोळ्यासह जसाच्या तसा राहू द्यावा. एक हिशेब लक्षात ठेवावा : कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, ते पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सांगलीच्या घाटावर येते. २००५ आणि २०१९ चे महापूर आपल्या पेठांनी सोसले आहेत. डोंगरावरील जी भुसभुशीत माती देवगांडुळाचे घर आहे, तीच पावसाचे पाणी मुरवून धरते.

ज्यांची कृषी सेवा केंद्रे आहेत, त्यांना एक विनंती. उभयचर प्राण्याची त्वचा हेच त्याचे श्वसनाचे साधन, म्हणून मातीत ओतलेले विष त्याच्या अंगात सरळ उतरते. विषवाणिज्यही कर्मादानांत आहे. दुकान बंद करा, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण गिऱ्हाइकाने एक डबा मागितला असता दोन खपविण्याचा मोह टाळता येईल, आणि ओढ्याकाठी फवारू नका, एवढे एक वाक्य सांगता येईल. शेतकरी दुकानदाराचा शब्द मानतो, हे मी कर्जतपासणीच्या काळात पाहिले आहे.

घरात, कुंडीत, न्हाणीघरात असा काही जीव निघाला, तर काठी नको, मीठ नको, रॉकेल नको. अंग आखडून पसरून सरकत असेल, तर गांडूळ. चकचकीत, गुळगुळीत आणि चपळ असेल, तर बहुधा वाळा. मात्र खात्री नसेल, तर हात लावू नये, लांब उभे राहावे आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सापांत विषारीही असतात. अहिंसा म्हणजे आपला जीव धोक्यात घालणे नव्हे. मांडुळाचा व्यवहार कोणी कानाशी आणला, तरीही हाच क्रमांक.

शेवटी माझ्या नोंदीविषयी. बँकेत एखादी रक्कम जमा होते किंवा नावे पडते आणि ती कोणाच्या खात्यातली, हे त्या दिवशी कळत नाही. तेव्हा ती सस्पेन्स खात्यात टाकतात. दिवसाचा ताळा त्याने जुळतो, पण प्रश्न सुटलेला नसतो. लेखापरीक्षक पहिल्यांदा तेच खाते उघडतो आणि विचारतो, “ही नोंद कोणाची? इतकी वर्षे का पडून आहे?” आपण दर वर्षी प्रतिक्रमणात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सर्व जिवांची क्षमा मागतो. ती मागितलीच पाहिजे, कारण आपल्या हातून काय काय घडले, हे आपल्याला कळलेलेही नसते. पण मला आता जाणवते की, इतकी वर्षे माझी क्षमापना सस्पेन्स खात्यातच जमा होत होती. ‘सर्व जीव’ या शब्दांत तो एक जीव बसतो, हे खरे, परंतु मला तो दिसत नव्हता. कोणाची क्षमा मागतो आहोत हे माहीत असताना मस्तक थोडे अधिक खाली जाते.

नात परत पुण्याला जाण्यापूर्वी मी तिला विचारले, “त्या पिवळ्या मण्यांवर माती थोपटली होती. त्यांतली काही वाचली असतील का?” तिने खोटा धीर दिला नाही. म्हणाली, “आई नसेल तर अंडी बहुधा टिकत नाहीत, आजोबा.”

यंदा संवत्सरीला इतर सर्वांची क्षमा मागून झाल्यावर, पाटणच्या त्या बांधावरील एका आईची आणि तिच्या न जन्मलेल्या पिल्लांची, त्यांच्या नावाने, मी क्षमा मागणार आहे. नोंद चाळीस वर्षे उशिरा योग्य खात्यात जात आहे. व्याज किती झाले असेल, ते हिशेबात बसणारे नाही.

आपणां सर्वांची, या सदरातून कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास, त्रिविध क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्.

पुढील अंकी, ठरल्याप्रमाणे, मृत्युपत्राविषयी.